अठ्ठेचाळीस बाइट

मासळीचा लिलाव संपत आला होता. टोपल्यांवर वाकलेल्या प्रत्येक मनगटावर एक राखाडी पट्टा होता. वादळ येणार असलं की डोंगरावरच्या मनोऱ्यावरून इशारा सुटे, पट्टा तांबडा पेटे आणि होड्या किनाऱ्याकडे वळत. जेटीवर वादळाचा बावटा चढवायच्या खांबाचा उपयोग गेली चार वर्षं फक्त जाळी वाळवायला होत होता.

त्या खांबाजवळून शरयू रेगे मत्स्य कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या. वय सत्त्याहत्तर, खांद्याला कापडी पिशवी. आत धर्मा कुबल तांडेलाची, होडीच्या म्होरक्याची, चौकशी होती. इशारा मिळूनही त्याने होडी वळवली नाही आणि त्यामुळे त्याचा सख्खा भाचा बुडाला, असा आरोप होता; पट्टा पेटलाच नाही, असं धर्मा सांगत आला होता. तांडेलकीचा परवाना कायमचा रद्द, असा निकाल यंत्राने सकाळीच लिहून ठेवला होता. चौकशी अधिकारी सामंतसाहेबांची सही तेवढी राहिली होती.

शरयूबाईंना बोलावलं होतं धर्माच्या बायकोने, नर्मदाने. वकिलाने इशाऱ्याच्या प्रणालीचा मूळ संगणकी मजकूर मागवला, तेव्हा एका जुन्या कोपऱ्यात नाव निघालं : श. रेगे, पुणे, १९९८. नर्मदाने ते नाव महिनाभर शोधलं होतं.

"नोंद स्पष्ट आहे," सामंत म्हणाले. "सतरा वाजून बारा मिनिटं, संदेश पाठवला, उत्तर अठ्ठेचाळीस, यशस्वी. प्रणाली प्रमाणित आहे, बाई."

"अठ्ठेचाळीस काय?"

"बाइट."

"कुठे गेलेले?"

सामंतांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

"मी सांगते," शरयूबाई म्हणाल्या. "यंत्रातून संदेश जिथून बाहेर पडतो ते सॉकेट, म्हणजे टपालाची खिडकी समजा. एका खिडकीत पलीकडच्याशी आधी बोलणं जुळतं आणि प्रत्येक पाकिटाची पोच येते. दुसरीतून सुटी पाकिटं नुसती बाहेर टाकायची. त्यांना डेटाग्राम म्हणतात. झटपट काम, पण वाटेत हरवलं तर कुणाला पत्ता नाही. या दुसऱ्या खिडकीचा साचा मी लिहिला. पुढच्यांनी त्यातून हव्या तेवढ्या खिडक्या काढाव्यात म्हणून. अठ्ठेचाळीस म्हणजे तेवढे बाइट खिडकीबाहेर पडले. बस. या माणसाच्या मनगटाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही."

"मग हे तेव्हाच लिहून ठेवायचं होतं," सामंत म्हणाले.

शरयूबाईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला. त्या पुण्याला शिकायला निघाल्या तेव्हा आई म्हणाली होती, पोचलीस की शेजाऱ्यांच्या फोनवर दोन रिंगा दे आणि ठेव. एकदा गाडी बिघडली, रिंगा वाजल्या नाहीत, आणि वडील रात्रभर एसटी स्टँडवर बसून राहिले. साचा लिहिताना त्यांनी ते आठवूनच एक जोडकाम लिहिलं होतं : पलीकडून चिमुकलं पाकीट परत यावं, न आलं तर पुन्हा पाठवावं, तरीही न आलं तर माणसाला उठवावं. वर तीन ओळींची ताकीदही होती. वकिलाने आणलेल्या मजकुरात ना ते काम होतं, ना ताकीद. त्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, 'हलके केले.'

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पट्टे पुरवणाऱ्या कंपनीने काढून टाकलं. नाव मात्र माझं ठेवलं."

कोपऱ्यातून धर्मा बोलला. "जावंदे, बाई. आता माका माझाच खरा वाटत नाय. पेटलो आसतलो पट्टो. माझाच लक्ष नसात."

"महिनाभर ह्याच चाललाहा," नर्मदा म्हणाली. "झोपेतसून उठान मनगट बघतत."

शरयूबाईंनी धर्माकडे पाहिलं. परवाना गेला तर दुसरं काम मिळालं असतं. पण एका आकड्यापायी या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास टाकला होता.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्यातले दडपे पोहे सामंतांच्या फायलीवर उपडे केले.

"अहो बाई—"

"पट्टा काढा तुमचा."

सामंतांनी का कोण जाणे, काढला. शरयूबाईंनी तो डब्यात टाकून, लहरी आत शिरू नयेत असं झाकण घट्ट दाबलं. "आता याला वादळाचा इशारा पाठवा."

सामंतांनी बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली : संदेश पाठवला, उत्तर अठ्ठेचाळीस, यशस्वी.

झाकण उघडलं. ओल्या नारळाचे चार कण चिकटलेला पट्टा राखाडीच होता.

धर्मा उठून डब्यापाशी आला, वाकून बघत राहिला. सामंतांनी पडद्यावरचा निकाल बंद केला, पण हात तिथेच राहिला.

"काय झालं?" शरयूबाईंनी विचारलं.

"गेल्या चार वर्षांत याच नोंदीवर..." सामंत थांबले. "एकतीस परवाने रद्द केलेत आम्ही. सह्या माझ्या आहेत."

"मग चला, मांडा एकतीस फायली टेबलावर."

"त्यातले दोन तांडेल आता हयात नाहीत, बाई."

धर्माने डब्यावरची नजर काढली नाही. "जाताना तेंका काय वाटला आसतला?" त्याने हळूच विचारलं. "आपलाच चुकला, पट्टो पेटललो म्हणान?"