चिऱ्यातली बाई

निवळगडाच्या पूर्वेला डोंगराची एक सोंड खिंडीकडे उतरत जाते, आणि सकाळचे पहिले ऊन त्या सोंडेच्या टोकावर उभ्या असलेल्या बुरुजावर पडते. एरवी ते ऊन पाहून गडावरची माणसे कामाला लागत. पण त्या साली, मोगलांच्या वेढ्याला सातवा महिना लागलेला, राजधानी पडलेली, महाराज दूर दक्षिणेत, कुमकेचा कुठे मागमूस नाही आणि अंबरखान्यात नाचणीचा कोंडाही संपत आलेला, अशा त्या हलाखीच्या दिवसांत पूर्वेच्या बुरुजाकडे मान वर करून पाहायला कुणी धजत नव्हते.

कारण बुरुजात बाई होती.

ही बाई कोण, ते आधी सांगितले पाहिजे. सव्वाशे वर्षांमागे बादशाही अमलात हा बुरूज बांधायला घेतला तेव्हा तो तीनदा ढासळला. चौथ्या वेळी कुणा शहाण्याला स्वप्न पडले (आणि शहाण्यांची अशी स्वप्ने दुसऱ्याच्याच घरचे माणूस मागतात) की बुरुजाला सवाष्ण हवी. गडाखालच्या मेटावर, म्हणजे चौकीवर, पहारा करणाऱ्या महार नाईकाची थोरली सून बुरुजाच्या पायातल्या कोनाड्यात जिवंत उभी केली, समोर चिरे रचले, आणि त्या घराला खिंडीखालची जमीन इनाम दिली. बुरूज उभा राहिला. तेव्हापासून वारा सुटला की आतून रडणे ऐकू येई. सारा गड तिला चिऱ्यातली बाई म्हणू लागला, आणि दर अवसेला दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिला शांत करण्याचा मान त्याच घराण्याकडे आला.

त्या घराण्यात आता तीनच माणसे उरली होती. पंचेचाळिशीची विधवा कोंडाई, तिचा मुलगा सिदनाक आणि एकोणीस वर्षांची सून राही. वीस वर्षे कोंडाईने नैवेद्य नेला होता. ती एकटी बुरुजाच्या पोटात शिरे, घटकाभराने बाहेर येई आणि सांगे, "बाई निवली." आणि खरोखरच रडणे थांबलेले असे.

पण गेल्या पाच दिवसांत बाई रडत नव्हती. ठोकत होती. सकाळी उजाडल्यापासून बुरुजाच्या तळातून ठक, ठक असा आवाज येई. ज्यांनी रणात हत्ती अंगावर घेतले होते अशा माणसांची त्या आवाजाने पाचावर धारण बसली. मग म्हसू भगताने कौल लावला. हा भगत दोन वर्षांमागे गडावर आला आणि अंगारे-धुपारे करता करता हवालदारांच्या उजव्या हाताशी जाऊन बसला होता. कौल असा निघाला की बाई एकटेपणाला विटली, तिला जोडीदारीण हवी. त्याच घरची सवाष्ण, उद्याच्या सूर्योदयाला. तोवर बुरुजाजवळ कुणी फिरकू नये, पहारेही मागे घ्यावेत.

सदरेच्या पायऱ्यांखाली कोंडाई, सिदनाक आणि राही उभी होती. वर गडाचे हवालदार सुभानजी खराडे. माणूस वाईट नव्हता. सात महिने न झोपलेला होता.

"सिदनाक," हवालदार म्हणाले, "तुमच्या घराण्याने या गडासाठी एकदा रक्त दिले आहे. पुन्हा मागताना आमची जीभ रेटत नाही. परंतु गडावर तीनशे जीव आहेत, आणि माणसे बुरुजावर उभी राहायला तयार नाहीत. तुझे काय म्हणणे?"

सिदनाकाने बायकोकडे पाहिले नाही. त्याने मान हलवली. "जशी आज्ञा, मायबाप."

राही रडली नाही. तिने नवऱ्याकडे एकवार पाहिले आणि ती खाली बसली. कोंडाईने ते पाहिले. वीस वर्षे मुठीत झाकलेली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली.

"जोहार, मायबाप. बुरुजात बाई न्हाई."

हवालदार पायरीवरून पुढे झुकले.

"रडतोय त्यो वारा. भिंतीतल्या जंग्यांच्या भोकांतनं आत शिरतो अन् पाण्याच्या मोरीतनं भाईर पडतो. मान माझ्याकडं आला त्याच साली सासूनं मला दावलं. मोरीत बोळा कोंबला की रडणं थांबतं. दर अवसेला म्या त्येच करत हुते. मान ऱ्हावा, जमीन ऱ्हावी, म्हून खोटं बोलले. माझी जमीन घ्या, माझी जीभ कापा. पन आता ठोकं पडत्यात ती कुदळ हाय. मोगल खालनं सुरुंग आणतोय."

म्हसू भगत मोठ्याने हसला. "सून वाचवायला म्हातारी देवघर मोडायला निघाली! हवालदारसाहेब, गड कातळाचा. कातळातून सुरुंग कोण आणतो?"

"गड कातळाचा, सोंड मुरमाची," कोंडाई म्हणाली. "म्हून तर तीनदा बुरूज ढासळला. चौथ्या बारीला पाया खोल घेतला, म्हून टिकला. बाई उगाच गेली, मायबाप."

हवालदारांनी कपाळावर हात घेतला. "वीस वर्षे तू आम्हांस बाई आहे म्हणून सांगितलेस. आज गळ्याशी आले तेव्हा नाही म्हणतेस. तू खोटी तेव्हाची की आत्ताची, हे आम्ही कशावरून ठरवावे? उद्या सूर्योदयाला. जा."

 आपण पेरले तेच उगवले, आणि ते नेमके राहीच्या वाट्याला आले, एवढेच कोंडाईला कळत होते. राहीला घेऊन पळावे तर तिन्ही अंगांना ताशीव कडे आणि चौथ्या अंगाला मोगल. तिघे झोपडीत येऊन बसली. 

"आत्याबाई," राही म्हणाली, "चिरं रचल्यावर किती येळ लागतो हो? लई येळ लागतो का?"

कोंडाईने तिला जवळ ओढले. असा प्रश्न ऐकण्यापेक्षा कान फुटलेले बरे, असे तिला वाटले.

"गडाचं मीठ खाल्लंय आपन," सिदनाक भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "म्या काय करू?"

"तू गप बस."

ती बाहेर आली. समोरून भगताचा गडी दोन शेळ्या हाकत चालला होता. भगताची खोपटी पूर्वेला, बुरुजापासून हाकेवर. शेळ्या मात्र पश्चिमेच्या टोकाला निघाल्या होत्या, आणि पाठोपाठ त्याचे गाठोडे. बाई उद्या तृप्त होऊन शांत व्हायची होती ना? मग भगत घर कशाला हलवतो? कोंडाई जागच्या जागी थांबली. सुरुंग आजच उडणार होता, किंवा फार तर उद्या, आणि तो कधी उडणार हे या मेल्याला ठाऊक होते. हे सांगायला पुन्हा सदरेवर जाऊन तरी काय होणार? शेळ्यांची साक्ष कोण काढतो? कोंडाईचे कुणी ऐकणार नव्हते. गडावर सारे ऐकायचे ते एकाच बाईचे.

कोंडाई आत गेली. राहीच्या करंड्यातले कुंकू तिने मूठभर घेतले आणि विधवेच्या कपाळावर फासले. केस मोकळे सोडले. सिदनाक ओरडला, "आई, काय करतीयास?"

"बाईला बोलावतीया," कोंडाई म्हणाली, आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, किंचाळत सदरेकडे धावत सुटली.

ज्या तोंडाने सकाळी जोहार घातला होता, त्याच तोंडाने दुपारी हवालदारांना अरेतुरे झाले. "सुभान्या! भाईर ये! माझ्या दारात कोन ठोकतंय? सव्वाशे वर्सं तुजा बुरूज डोईवर घेऊन उभी हाय मी, अन् तू मला निजू देत न्हाईस?"

हवालदार अनवाणी बाहेर आले. तलवारीच्या जोरावर वाढलेला तो माणूस हात जोडून उभा राहिला. "आईसाहेब, चूक झाली असेल तर पदरात घ्यावी. आपणांस जोडीदारीण—"

"कोन म्हनतं मी जोडीदारीण मागितली? माझ्या तोंडचं मागणं ह्या भगताच्या तोंडात कसं शिरलं? चल बुरुजात. भुईला कान लाव, अन् मला सांग माझ्या घरात कोन शिरलंय!"

भगत पुढे झाला. "साहेब, हे सोंग आहे! हिच्या अंगात काही नाही."

हवालदारांनी त्याच्याकडे वळून पाहिले, आणि सात महिन्यांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांत जाग दिसली. "सकाळी ती बाई नाही म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला खोटी म्हणालात. आता ती बाई आहे म्हणते, तरी खोटीच? भगत, तुमची बाई आहे तरी कोणती?" मग ते दोन पहारेकऱ्यांना म्हणाले, "यांना इथेच बसवून ठेवा."

बुरुजाच्या पोटात गारवा होता. कोंडाईने पाण्याने भरलेली परात भुईवर ठेवली. हवालदार आडवे झाले आणि त्यांनी कान टेकला. मागे सिदनाक आणि दहा-बारा गडकरी उभे होते.

काहीच ऐकू येईना. परातीतले पाणी निवांत होते. कोंडाई घुमत राहिली. दुपारची वेळ, खालची माणसे भाकरी खायला बसली असतील, हे तिच्या ध्यानात आलेच नव्हते. हवालदारांनी मान वर केली. आणखी घटकाभर जर हे असेच राहिले असते, तर राहीबरोबर कोंडाईलाही चिऱ्यात जावे लागले असते. ती परातीकडे बघत राहिली आणि ज्या देवांना तिने वीस वर्षे फसवले होते त्या सगळ्यांची तिने मनोमन पायधरणी केली.

पाण्यावर एक वलय उठले. मग दुसरे. हवालदारांनी पुन्हा कान टेकला. खालून, अगदी जवळून, कुणीतरी खोकले. घशात धूळ गेल्यावर माणूस खोकतो तसे, लांबलचक. भुताला ठसका लागल्याचे आजवर कुणी ऐकलेले नाही. त्यामागून आवाज आला तो ठोक्यांचा नव्हता, काहीतरी जड फरफटत आणल्याचा होता.

हवालदार ताडकन उठले. "खणणे संपले आहे," ते म्हणाले. "दारूच्या थैल्या भरताहेत. पाणी आणा. गडावर असेल नसेल तेवढे पाणी आणा!"

खाली शिरायला जागा एकच होती. पायाचा सर्वांत खोल भाग म्हणजे तो कोनाडा. पण चिऱ्यांना हात लावायला कुणी पुढे होईना. कोंडाईने सिदनाकाच्या हातातली पहार घेतली आणि पहिला घाव घातला. मग सारे तुटून पडले. चिरे निघाले. मागे मूठभर हाडे होती आणि हिरव्या बांगडीचे दोन तुकडे. कोंडाईने ते पदरात घेतले आणि ती बाजूला झाली. रडायला वेळ नव्हता. खाली मुरूम लागला, भुसभुशीत. पहारी चालल्या, आणि तळ एकाएकी खचून टोपलीएवढे भोक पडले. खालून दिव्याचा उजेड आणि परक्या बोलीतला आरडाओरडा वर आला.

भोकातून एकच माणूस उतरू शकत होता. सिदनाकाने तलवार दातांत धरली, मग पुन्हा हातात घेतली.

"आई," तो म्हणाला, "म्या मान हलवली."

एवढेच बोलला आणि त्याने उडी घेतली.

वरून घागरीमागून घागरी रिकाम्या झाल्या. टाक्यातले पाणी माणसांची साखळी करून आणले, लहान मुलांच्या वाटणीचे सुद्धा ओतले. खाली तलवारीवर तलवार वाजत होती, सिदनाकाचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. कुणी मागे उरलेल्या कोरड्या थैलीला दिवा लावला, ते कधीच कळले नाही. भुई उचलली गेली, माणसे भिंतींवर आपटली, बुरुजाच्या एका अंगाचे चिरे गडगडत खिंडीत गेले. धूळ बसली तेव्हा बुरूज उभा होता. खिंडार पडणार म्हणून दबा धरून बसलेली मोगलांची तुकडी तशीच वर धावली आणि तोफेच्या तोंडी सापडली. सुरुंगाची वाट बुजली होती. सिदनाकाचे प्रेतही हाती आले नाही.

म्हसू भगताच्या पागोट्यात मोगल सरदाराचा कौलनामा निघाला. जीव आणि गावची पाटीलकी बक्षीस असे त्यात लिहिले होते. संध्याकाळी त्याचा कडेलोट झाला. पावसाळ्याच्या तोंडावर वेढा उठला.

त्या दिवशी हवालदार सदरेच्या पायऱ्या उतरून खाली आले. "कोंडाई, तुझ्या घराण्याचे उपकार फिटणारे नाहीत. इनाम दुप्पट करतो. आणि सारा गड म्हणतो, बुरुजात आता सिदनाक आहे. त्याच्या नैवेद्याचा मानही तुझ्याच घराकडे—"

"नगं, मायबाप," कोंडाई म्हणाली. "जमीन बी नगं, मान बी नगं. राहीचा पाट लावून द्या. लांबच्या गावात, चांगलं घर बघून. तिला माझ्या घरची सून म्हून कुनी वळखाया नगं."

"आणि तुझे घर? ते कोण चालवणार?"

"ते बुडू द्या. घर ऱ्हायलं की घरात सवाष्ण येनार. सवाष्ण आली की उंद्या कुनाला तरी सपान पडनार. दोन माणसं गेली, मायबाप. आता बास."

 हवालदारांनी मान लववली.

दिवाळीनंतर राहीला न्यायला नव्या सासरची माणसे आली. कोंडाई तिला खिंडीपर्यंत पोचवायला गेली. तिथे राहीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि इतके दिवस न रडलेली ती पोर धाय मोकलून रडली.

"आत्याबाई, तुमी बी चला. मागं एकट्या कशा ऱ्हाशीला?"

कोंडाईने तिचे डोळे पदराने पुसले, तिच्या कपाळावर नवे कुंकू नीट केले, आणि तिला हलकेच पुढे ढकलले.

"एकटीच बरी," ती म्हणाली. "एकटीला कुनी मागाया येत न्हाई. जा. मागं बघू नगंस."