आडवा हात

टिपणीस आजोबा चंद्रावर पोहोचले आणि पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी एक दगड चाटून पाहिला. हे घडलंच नाही असं तूर्त धरून चालू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ते साताऱ्यात जेवायला बसले होते आणि चांद्रखात्याने त्यांना नापास केलं होतं.

कारण फॅटी लिव्हर (यकृतात जादा चरबी साठणं). आजोबा चंद्रशिलांचे शास्त्रज्ञ. सगळं आयुष्य दगडांचे फोटो बघण्यात गेलं, आणि प्रत्यक्ष जायची वेळ आली तर सोनोग्राफीत हे निघालं. पुढचं यान सहा महिन्यांनी. तोवर यकृत सुधारलं नाही, तर जागा दुसऱ्याला मिळणार.

"पण दुखत तर काहीच नाही," आजोबा म्हणाले.

त्यांची नात केतकी कोड्यात पडली. आजोबा तूप तर बेताचंच खात. मग यकृतात चरबी भरली कुणी?

उत्तर वाढूने दिलं. वाढू हा त्यांचा जेवण वाढणारा यंत्रमानव, दिवसभर "वाढू का?" विचारायचा, म्हणून हे नाव. आजोबांच्या पानात जिलबी ठेवत त्याने शांतपणे समजावलं. यकृत म्हणजे शरीराचं कोठार. जेवणातली जास्तीची साखर ते ग्लायकोजेन (साखरेचे कण जोडून केलेला साठा) करून ठेवतं. पण ही फडताळं लहान. ती भरली की उरलेल्या साखरेची चरबी होते, आणि तीही तिथेच, यकृताच्या पेशींमध्ये साठू लागते. यकृत बिचारं तक्रार करत नाही, म्हणून दुखत नाही.

"म्हणजे जिलबीचीसुद्धा चरबी होते?" केतकीने विचारलं.

"होते की. आणखी एक वाढू?"

कळतं तर वाढतोस कशाला, असं तिने विचारलं. माहितीचं खातं वेगळं आणि वाढायचं वेगळं, असं तो म्हणाला. वाढू लग्नाच्या पंगतींत शिकलेला. पहिला 'नको' संकोचाचा, दुसरा शिष्टाचाराचा, तिसरा घाईचा, एवढं त्याला पाठ होतं. घाबरून आजोबांनी पानावर आडवा हात धरला. वाढूने शब्दकोश चाळला. 'आडवा हात मारणे: भरपूर जेवणे.' त्याने जिलब्यांचं सगळं ताट पानात उपडं केलं.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी जेवणच सोडलं. वाढूने तेही चूक ठरवलं. एकदम उपाशी राहिलं की अंगावरची चरबी सुटते आणि यकृताकडेच धावत येते. वजन सावकाश उतरायला हवं. दहातला एक भाग उतरला तरी कोठार बरंच मोकळं होतं.

वाढूचा आग्रह बंद करून द्या, असं केतकीने कारखान्याला कळवलं. ती आपली संस्कृती आहे, असं उत्तर आलं. मग तिने आग्रह तसाच ठेवला आणि वाढूच्या हातातलं भांडं बदललं.

आता वाढू काकडीची कोशिंबीर वाढायचा, मेथीची भाजी वाढायचा, मुगाच्या उसळीला नको म्हटलं की दोन डाव वाढायचा. जिलबी, सरबतं आणि मैद्याची बिस्किटं घरात येईनाशी झाली. जेवणानंतर तो दारात उभा राहायचा. "आणखी एक फेरी. माझी शपथ." एकदा कंटाळून आजोबांनी दारातच आडवा हात धरला. त्या संध्याकाळी ते अजिंक्यताऱ्यापर्यंत चालून आले.

सहा महिन्यांत ब्याण्णव किलोंचे आजोबा चौऱ्याऐंशीवर आले. सोनोग्राफीत चरबी बरीच ओसरलेली दिसली. चांद्रखात्याने त्यांना पास केलं. ते वाढूला बरोबर घेऊन गेले, पहिल्याच दिवशी दगड चाटल्याचं त्यांनी तिथून कळवलं, आणि पुढचा दगड आपण चाटायचा, असं केतकीने ठरवून टाकलं.

चंद्राचं गुरुत्वाकर्षण (आपल्याकडे ओढून घेणारं बळ) पृथ्वीच्या साधारण सहावा भाग, त्यामुळे तिथे काटा खूप कमी दाखवतो. यकृतातली चरबी मात्र होती तेवढीच राहते. हे वाढूने आजोबांना दोनदा समजावलं. तरीही चांद्रखात्याकडे अर्ज आला:

'महोदय, येथील काट्यावर माझे वजन चौदा किलो भरते. सबब, मला कुपोषित समजून रोज दोन जिलब्या मंजूर व्हाव्यात, आणि त्या वाढताना माझा आडवा हात शब्दकोशातल्याच अर्थाने घ्यावा, ही नम्र विनंती.'