चालू आहे, दिसत नाही

शनिवारी दुपारी जेवून सुयोग जरा आडवा झाला होता, तेवढ्यात सौरभचा फोन आला.

"यार, मोकळा आहेस का? नवीन मशीन जोडलं सगळं. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण डिस्प्लेच येत नाहीये. तू एकदा येऊन बघ ना."

मित्राने बोलावलं की माणूस उठून जातो, त्यात सांगण्यासारखं काय आहे म्हणा. पण सुयोग ज्या घाईने उठला, ती घाई मदतीची नव्हती. डिस्प्ले येत नाही हे ऐकून त्याच्या जिवाला गार वाटलं होतं. तो निळा शर्ट चढवत असताना निधीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलंसुद्धा, "हसतोयस कशाला रे?" तर हा म्हणाला, "कुठे हसतोय?"

वाईट माणूस नव्हता हो सुयोग. तुमच्याआमच्यासारखाच. कोणाला नोकरी लागली की तोंडभरून अभिनंदन करणारा आणि मग रात्रभर कूस बदलत पडणारा. पण सौरभच्या बाबतीत प्रकरण जरा आतपर्यंत गेलं होतं. ॲनिमेशनचं काम सौरभला शिकवलं कोणी? सुयोगने. मुलुंडच्या आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसवून, आपल्या कंप्युटरवर. आणि अंधेरीच्या एका स्टुडिओने दोघांचीही चाचणी घेतली तेव्हा निवडलं कोणाला? सौरभला. वर तिथल्या बाईंनी सुयोगला फोन करून गोड आवाजात सांगितलं, "तुमचं नाव दुसरं आहे. सौरभनी सोमवारी सकाळपर्यंत पहिला भाग पाठवला नाही, तर आम्ही तुम्हालाच बोलावू."

झालं. तेव्हापासून सुयोग दुसरं काही देवाकडे मागतच नव्हता. सोमवारपर्यंत सौरभचं काहीतरी बिनसू दे, एवढंच.

सौरभचा टॉवर नाहूरला, अगदी नवाकोरा. अर्ध्या फ्लॅटना अजून कुलपं होती. लिफ्टला आतून प्लास्टिक चिकटवलेलं, पॅसेजमध्ये रंगाचा वास, आणि इतकी शांतता, की आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटावा. लालबागच्या खोलीत वाढलेला सौरभ इथे राहतो, चौथ्या मजल्यावर, हे सुयोगला प्रत्येक वेळी नव्याने टोचायचं. आजही टोचलं.

दार सौरभच्या आईने उघडलं. रत्नप्रभाकाकू. उभं आयुष्य मुंबईत गेलं, पण बोलणं अजून मालवणचंच.

"इलंस रे बाबा. बरा झाला. सकाळपासून जेवूक नाय तो."

आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं आणि टेबलाशेजारी जमिनीवर ते मशीन. एक बाजू काचेची, आत पंखे फिरतायत, निळसर दिवे मंद लागतायत. सुयोगने असं मशीन फक्त व्हिडिओत पाहिलं होतं. टेबलावर मॉनिटर, हा एवढा मोठा, आणि काळा ठिक्कर.

"वाट लागली यार," सौरभ म्हणाला. त्याचे डोळे तांबारलेले होते. "स्वतः जोडायची हौस नडली. सोमवारी काम द्यायचंय."

"बघू," सुयोग म्हणाला. पाठीवरची सॅक तशीच ठेवून तो गुडघे टेकून मशीनच्या मागे वाकला.

आणि त्याला दिसलं. लगेच दिसलं.

अशा मशीनला मॉनिटरची वायर लावायला मागे दोन जागा असतात. एक वर, मुख्य बोर्डावर. एक खाली, ग्राफिक्स कार्डावर. कार्ड बसवलेलं असेल तर वायर खाली लावायची. सौरभच्या बोर्डावरची वरची जागा नुसती नावाला होती, तिथून चित्र येणारच नव्हतं, आणि याने वायर तिथेच खुपसली होती. नवशिक्याची चूक. काढायची आणि खाली लावायची, बस. चहा गार व्हायच्या आत काम झालं असतं.

सुयोगने वायरीला हात लावला. बोटांत धरली. आणि हात काढून घेतला.

मग त्याने नाटक केलं, आणि काय झकास केलं म्हणून सांगू. झाकण उघडलं, रॅम काढून पुसली, परत बसवली. आतली नाण्याएवढी बॅटरी काढली, फुंकर मारली, लावली. प्रत्येक वेळी सौरभ बटण दाबायचा, पंखे घुमायला लागायचे आणि दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहायचे. काहीच नाही. पंख्यांचा आवाज तेवढा एकसारखा, कोणी झोपेत श्वास घेतोय असा. बाहेर ऊन उतरत गेलं. खोलीत दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही.

"काय वाटतं?" शेवटी सौरभने हळूच विचारलं.

सुयोग उठून त्याच्या शेजारी उभा राहिला. समोरच्या काळ्या पडद्यात दोघांची प्रतिबिंबं पडली होती, मागे दारातून येणारा उजेड.

"बोर्ड गेलाय रे," सुयोग म्हणाला. "परत पाठव. दुसरा यायला आठवडा तरी जाईल."

सौरभने मान खाली घातली. बोलताना सुयोग पडद्याकडेच बघत होता, म्हणून एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तो बोलला खरा, शब्द त्याच्या तोंडून गेले खरे. पण पडद्यातल्या सुयोगचे ओठ हललेच नव्हते. तो नुसता उभा होता. तोंड घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आल्यासारखा, सुयोगकडे बघत.

सुयोगने डोळे चोळले. परत बघितलं तर सगळं जागच्या जागी. थकवा, दुसरं काय, त्याने मनाशी म्हटलं. पण मानेवर काटा आला तो काही गेला नाही.

तेवढ्यात काकू आत आल्या. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या.

"आई, प्लीज... कंप्युटरची दृष्ट काढतात का कोणी?"

"गप रव. नव्या वस्तूक पयली नजरच लागता. आणि तिन्हीसांज झाली हा, हीच वेळ." मग सुयोगकडे वळून म्हणाल्या, "तू खय चललंस? बस हय, मशिनीच्या बाजूक. तुझी पण काढतंय. तू पण माझो झीलच."

सुयोगला नको होतं. का नको होतं ते त्याला सांगता आलं नसतं. पण काकूंचा हात खांद्यावर पडला आणि तो मशीनला टेकून जमिनीवर बसला, लहान मुलासारखा. काकूंनी मूठ आधी मशीनवरून फिरवली, मग त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत, पुटपुटत.

"आयल्या-गेल्याची... शेजाऱ्या-पाजाऱ्याची... इष्टा-मित्राची... कोणाची असात ती जावंदे..."

मित्राची म्हणताना मूठ त्याच्या छातीपाशी आली होती. घामाने भिजलेला बनियन कोणी अंगातून ओढून काढावा तसं सुयोगला झालं. कातडीपासून सुटत सुटत काहीतरी वर गेलं, डोक्यावरून निघालं. आणि एकदम गारठा. उन्हाळ्याच्या दिवसांत दात वाजायला लागले.

"ह्या खरा गॅसार जाळूचा," काकू म्हणाल्या, "पण हय जाळलंय काय तो छपरावरचो धुराचो अलारम वाजता. मागच्या टायमाक वॉचमन धावत इलो, पाण्याची बादली घेवन." मीठ-मिरच्यांची कागदात पुडी बांधून त्यांनी ती सुयोगच्या हातात दिली. "तू घराक जातंस ना? जाताना तिठ्यावर टाक. आणि मागे वळान बघू नको. टाकलंस काय सरळ घर गाठ."

"बघितलं तर काय होतं काकू?"

काकूंनी पदराला हात पुसले. "जा काढलेला असता, ता थयच रवाक होया. बघणारो पण मग थयच रवता."

तीन रस्ते मिळतात तो तिठा सौरभच्या गेटपासून हाकेवरच होता. बंद पडलेल्या एका कारखान्याची भिंत, एक पिंपळ, आणि एक दिवा, तो उगाच लुकलुकत होता. सुयोगने पुडी टाकली. आवाज झाला नाही. तो पुढे चालू लागला.

न बघता गेला असता तर... पण तो कसला जातोय. मनात किडा वळवळायला लागला. वायर वरच आहे ना? सौरभने आता नीट वाकून बघितलं तर? त्याला कळलं तर? चौथ्या मजल्यावरची ती खिडकी इथून दिसते. अंधारी आहे ना अजून? एकदा बघू. एकदाच.

त्याने मागे वळून बघितलं.

खिडकी अंधारीच होती. त्याला हायसं वाटलं. मग नजर खाली आली. रस्त्यावरून एक माणूस परत टॉवरकडे चालला होता. भराभर, मनाशी काहीतरी ठरवल्यासारखा. निळा शर्ट. पाठीवर सॅक. सॅकच्या एका बंदाला निधीने हाताने घातलेला पिवळ्या दोऱ्याचा टाका. गेटवरच्या वॉचमनने ओळखीचं हसून त्याला आत सोडलं.

सुयोगने आपल्या पाठीकडे हात नेला. सॅक नव्हती.

तो तिथेच उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत निळा-पांढरा उजेड पडला आणि काचेवर हलायला लागला. डिस्प्ले आला होता. आता भीती वाटायला हवी होती ना सुयोगला? पण नाही. त्या उजेडाने सुयोगच्या पोटात जो आगडोंब उसळला, त्यात भीतीबिती कुठल्या कुठे गेली. आलं सौरभचं. मिळालं याला. सगळं यालाच मिळतं.

घरी जायला त्याने रिक्षाला हात केला. रिकामी रिक्षा समोरून निघून गेली. दुसरीही गेली. कोपऱ्यावर ओळखीचा वडापाववाला होता, त्याला हाक मारली, तर तो कढईतच बघत राहिला. एक कुत्रं तेवढं शेपूट पायांत घालून गुरगुरत मागे मागे सरकलं. सुयोग चालतच मुलुंडला निघाला. पाय जड होते, आणि दर वळणावर त्याला वाटायचं, आपण अजून त्या पिंपळाखालीच आहोत.

सोसायटीचा जिना चढून तो वर आला. घराचं लाकडी दार उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं. आतून पोह्यांचा वास येत होता. आणि निधीचं हसणं. तिला असं हसताना ऐकून त्याला किती दिवस झाले होते...

"मग? सांगितलंस त्याला?" निधी विचारत होती.

"सांगून टाकलं सगळं," आतून आवाज आला. सुयोगचाच आवाज. पण हलका, मोकळा. "वायर चुकीच्या जागी होती. मला आल्या आल्या दिसलं होतं गं, पण जळफळाट... मी खोटं बोललो. मग काकूंनी दृष्ट काढली, पुडी टाकली, आणि काय झालं कोण जाणे, राहवेना. परत वर गेलो. वायर लावली, माफी मागितली."

"आणि तो?"

"रडला. मग हसला. म्हणाला, हे काम एकट्याने होणारच नव्हतं. उद्यापासून दोघं मिळून करतोय. स्टुडिओलाही कळवलं."

जाळीतून सुयोगला खोली दिसत होती. त्याची खुर्ची. तिच्यात पाठमोरा बसलेला निळा शर्ट. समोर त्याचा कंप्युटर लख्ख चालू. निधीने पोह्यांची बशी पुढे ठेवली, त्या माणसाच्या केसांतून हात फिरवला, आणि हात तिथेच राहू दिला.

आयुष्यभर सुयोगने दुसऱ्यांच्या घरांत असं डोकावून बघितलं होतं. पण इतका हेवा त्याला कधी कोणाचा वाटला नव्हता.

त्याने जाळीला हात लावला. जाळी खडखडली.

निधी दारापाशी आली. अगदी समोर, हातभर अंतरावर. तिने जाळीतून पॅसेज बघितला, जिना बघितला. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून गेली, रिकाम्या भिंतीवरून जाते तशी.

"निधी... मी आहे..."

तिने दंड चोळले, गारठा लागल्यासारखे.

"कोण आहे गं?" आतून त्याने विचारलं.

"कोणी नाही. पण कोणीतरी बघतंय असं वाटलं."

खुर्ची हळूच वळली. आतला सुयोग थेट जाळीकडे बघत होता, आणि निधीला जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. थोडी दयाच होती.

"दार लावून घे," तो हळू आवाजात म्हणाला. "लोकांची नजर वाईट असते."