सुवर्णसंचाची छत्तीस पाकिटं

रविवारी सकाळी अकराला सईचा फोन आला, तेव्हा देवदत्त इंगळे शेंगाचटणीची नवी पिशवी कापत होते. पिशवीच्या तोंडाशी प्लॅस्टिक वितळवून दाबलेल्या दोन पक्क्या रेघा होत्या. पिशवी चांगली बांधलीय, असं त्यांच्या मनात आलं. एक रेघ मारली की तेल गळतं, म्हणून जाणता चटणीवाला तोंड दोनदा दाबतो. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून सोलापूरची दुकानं पालथी घातलेल्या माणसाला न्याहारीतही तपासणी सुटत नाही.

"आजोबा, लगेच खेळण्यांच्या दुकानात या," सई म्हणाली. "शिवम्मामावशींना चोर ठरवलंय. मालक पोलिसांना बोलवतायत."

चटणी तशीच टाकून ते निघाले.

सई कॉलेजात जाणारी नात, पण 'दैत्यदुर्ग' या पत्त्यांच्या खेळाचं नाव काढलं की आठ वर्षांची व्हायची. गेले चार महिने घरात एकच जप चालला होता, सुवर्णसंच कधी येणार. शहरात एकच पेटी येणार होती, छत्तीस पाकिटांची. पेटीत तीन सोनेरी पत्ते नक्की, असं कंपनीनं पेटीवरच छापलं होतं. आज सकाळी दहाला नवी पेठेतल्या चनमल्लप्पांच्या खेळण्यांच्या दुकानात छत्तीस जणांनी छत्तीस पाकिटं फोडली. सोनेरी पत्ता एकही निघाला नाही.

देवदत्त पोचले तेव्हा दुकानात पोरंपोरी फाडलेली पाकिटं पायाशी टाकून उभी होती. कुर्डुवाडीहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या दोन बहिणी रडून दमल्या होत्या. आणि गल्ल्याच्या फळीवर शिवम्माची पिशवी उपडी केलेली होती. जेवणाचा डबा, दात पडलेला कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, घडी घातलेलं जुन्या लुगड्याचं फडकं. सगळं सगळ्यांसमोर.

देवदत्तांनी त्यावरून नजर काढून घेतली. माणसाची अब्रू अशी फळीवर मांडायची?

"झडती कोणी घ्यायला लावली?"

"मीच सुचवलं," दिग्विजय सर म्हणाले. ते या पत्त्यांच्या क्लबचे प्रमुख. दर रविवारी इथंच मुलांच्या स्पर्धा घेत आणि जिंकणाऱ्याला आईच्या घरगुती उद्योगातली चटणीची पिशवी बक्षीस देत. काखेत पत्त्यांचा जाडजूड अल्बम कायम असायचा. "कपाटाची चावी यांच्याकडे होती. खेळात सचोटी हवी, काका. मी मुलांना तेच शिकवतो."

शिवम्मा भिंतीला टेकून उभी होती. नऊ वर्षं ती या दुकानात कामाला होती. नवरा गेल्यावर घर तिच्यावरच होतं. हे काम गेलं, वर चोर म्हणून नाव झालं, तर पेठेत दुसरं कोणी तिला उभं करणार नव्हतं.

"पेटी कधी आली?" देवदत्तांनी चनमल्लप्पांना विचारलं.

"काल दुपारी बारा वाजता, साहेब. माझ्यासमोर उघडली, छत्तीस मोजली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग मी लग्नाला अक्कलकोटला गेलो. रात्री आलो."

"शिवम्मा, कपाट पुन्हा कोणी उघडलं?"

"मीच की, साहेब. तीन वाजता सर आले. फोटू काढायचा हाय म्हणले, तर पेटी काढून दिले. आत गोदामात घेऊन बसले. पाच वाजता परत दिले, मी मोजले. छत्तीस हुते."

"दोन तास फोटो?"

सर हसले. "प्रत्येक संचाचे काढतो. मालकांना विचारा."

"व्हय, काढतात," चनमल्लप्पा म्हणाले. "सरांवर कसला संशय? ह्यांच्यामुळंच तर पोरं दुकानात येतात."

देवदत्तांनी जमिनीवरची रिकामी पाकिटं गोळा करायला घेतली. पोरांनी ती वरून फाडली होती. खालची तोंडं शाबूत होती, करवतीच्या दातांसारखी बारीक नक्षी दाबलेली. तेहतीस पाकिटं तशी होती. तीन मात्र नखभर आखूड, आणि खाली नक्षीऐवजी दोन सपाट रेघा. काही न बोलता त्यांनी ती तीन वेगळी ठेवली.

"सई, न फोडता कळतं का आत सोनेरी पत्ता आहे ते?"

"जड असतो ना तो. बारीक काट्यावर कळतं. म्हणून तर सरांनी पाटी लावलीय." भिंतीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: पाकिटांचे वजन करण्यास सक्त मनाई.

"आणि पिशव्या बंद करायचं यंत्र दुकानात आहे?"

"गोदामात हाय की," शिवम्मा म्हणाली. "गोट्यांच्या पिशव्या मी त्यावरच करते." दारात गोट्यांच्या पिशव्यांची माळ लटकत होती. देवदत्तांनी ती जाता जाता बघितली.

यंत्र बाहेर आणवून त्यांनी तीन कोऱ्या पारदर्शक पिशव्या मागवल्या.

"पोलीस येण्याआधी पुरावा बंद करू. आमच्या खात्याची रीत आहे, नमुना पक्षकारानं स्वतःच्या हातानं बंद करायचा. म्हणजे उद्या कोणी आत काही घातलं म्हणायला नको. तिघांनी या तीन पाकिटांतलं एकेक घ्या. बंद करा, सही करा."

आधी चनमल्लप्पा. यंत्र चालवायची त्यांना सवय नव्हती. वाकडीतिकडी एक रेघ उमटली आणि बोट भाजलं. मग शिवम्मा. रेघ सरळ आली. एकच. शेवटी दिग्विजय सर. त्यांनी सफाईनं तोंड दाबलं, पिशवी बोटभर सरकवली, पुन्हा दाबलं आणि ऐटीत सही ठोकली.

देवदत्तांनी ती पिशवी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"सर, दुसरी रेघ कशासाठी?"

"पक्कं राहावं म्हणून."

"आत कागदाएवढं हलकं रिकामं पाकीट आहे. गळणार काय होतं?"

सरांनी पिशवी परत घ्यायला हात पुढं केला. देवदत्तांनी ती दिली नाही.

"चटणीला दोन रेघा लागतात, तेलामुळे. लहानपणापासून आईच्या हाताखाली पिशव्या बांधल्या की हात आपोआप दुसऱ्यांदा जातो. आज सकाळी मी सईला बक्षीस मिळालेली तुमच्याच घरची पिशवी कापली, तिलाही दोनच रेघा होत्या. आता आत बघा. हे पाकीट कंपनीनं नक्षीनं बंद केलेलं असतं. याच्या बुडाशी त्याच दोन रेघा आहेत. तिन्ही पाकिटांना. शिवम्मा नऊ वर्षं एकच रेघ मारतेय, दारातली माळ बघा. मालक काल अक्कलकोटला होते, आणि त्यांना यंत्र धड धरताही येत नाही. तुम्ही दोन तास गोदामात छत्तीस पाकिटं तोललीत. जड निघाली ती तीन बुडाशी कापलीत, सोनेरी काढून साधे पत्ते घातलेत आणि बंद केलीत. वजन करू नका ही पाटी तुमचीच. इतरांनी करू नये म्हणून."

"अल्बम द्या, सर," सई म्हणाली.

"खाजगी आहे तो."

"शिवम्मामावशींची पिशवीपण खाजगीच होती."

तिनं अल्बम त्यांच्या काखेतून ओढला. पानं उलटताना तिचा चेहरा बदलत गेला. याच माणसाकडून ती खेळ शिकली होती. शेवटून तिसऱ्या पानावर साध्या पत्त्यांच्या मागे सरकवलेले तीन सोनेरी पत्ते निघाले. तिनं अल्बम फळीवर टाकला आणि हात ओढणीला पुसले.

"पोरांना काय कळतं याचं?" सर पुटपुटले. "चार दिवसांत चुरगाळले असते. माझ्याकडे नीट राहिले असते."

"आणि ही बाई?" देवदत्त म्हणाले. "तिचं काय राहिलं असतं?"

खोटी मापं लावणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. पकडल्यावर निदान मान खाली घालायचे. हा समजावून सांगत होता. त्यांना खरोखर शिसारी आली. घरी गेल्यावर ती चटणी उकिरड्यावर टाकायची, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

विक्रीच्या वहीतल्या पाकीट-क्रमांकांवरून आखूड पाकिटं ज्यांची ठरली, त्यांना पत्ते मिळाले. एक कुर्डुवाडीच्या धाकटीचा निघाला. पोलीस आले आणि सरांना घेऊन गेले. मुलांपैकी कोणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चनमल्लप्पांनी घसा खाकरून चावी पुढं केली. "शिवम्मा, झालं गेलं सोड. घे चावी."

शिवम्मानं चावीला हात लावला नाही.

"आधी पिशवी भरा, मालक."

"आं?"

"सगळ्यांपुढं रिकामी केलात न्हवं? सगळ्यांपुढंच भरा. एकेक."

चनमल्लप्पांनी डबा उचलला, मग कंगवा, मग गोळ्या. फडक्याची घडी मोडली होती. ते तसंच कोंबायला लागले.

"घडी करा," शिवम्मा म्हणाली.

त्यांनी घडी केली.