खड्ड्यातलं पाणी

लिडाचा बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा बाहेर आला. तिचा कुत्रा वॉफल केव्हाच कुंपणाच्या फटीतून शेजारच्या अंगणात पसार झाला होता. ती एका पायावर डुगडुगत उभी... आणि कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं.

"कुत्रा तुमचाच का?"

त्या तरुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन काळे पंजे उमटले होते.

"नाही म्हटलं तर चालेल?"

"चालेल. पण मग पंजे जुळवून बघावे लागतील."

त्याने कुंपण ओलांडून तिचा बूट उपसून दिला. एफ्राइन त्याचं नाव. कुत्री पाळणाऱ्यांच्या अंगणात कृत्रिम गवत अंथरायचं काम करायचा; शेजारीही त्याच कामाला आला होता.

टेक्सासमधल्या त्या गावाची माती काळी, चिवट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराच्या पायापासून सुटते. म्हणून ऑगस्टमध्ये तिथली माणसं झाडांच्या आधी घराला पाणी घालतात. पायाभोवती भोकाभोकांची नळी पसरून ठेवतात. लिडाच्या घरालगतचा तो ओला पट्टा म्हणजे वॉफलची लाडकी जागा.

आणि वॉफलच्या कमरेचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. त्यानंतर आठवडाभर तो ओळखीच्या दवाखान्यातच राहणार होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "टाके चिखलाला लागले नाही पाहिजेत, आणि पाय तर घसरताच कामा नये. अंगण तयार नसेल तर कुत्रा घरी सोडणार नाही. लांबच्या शुश्रूषागृहात पाठवीन." वॉफल बारा वर्षांचा. परक्या जागी तो अन्नाला तोंड लावत नसे.

"दहा दिवसांत गवत होईल?" लिडाने विचारलं.

"काम दोन दिवसांचं. पण आधी माती काय म्हणते ते बघतो."

त्याने हातभर खोल खड्डा खणला, पाण्याने भरला आणि त्यात खुणांची पट्टी उभी केली. "मामाने एकदा हे न बघता गवत घातलं. कुत्र्यांचं सगळं खाली साचून राहिलं, गल्लीभर वास. अजून लोक आम्हाला बघून नाक धरतात. पाणी हललंच नाही, तर मी हात लावणार नाही. रोज आठला येईन. पाणी उतरलं की काम सुरू."

पहिल्या सकाळी तो आला. लिडाने जर्दाळू भरलेले कोलाची पाव आणले होते. तो खड्ड्याजवळ उकिडवा बसून खात होता. पापणीवर पिठीसाखर.

"पाणी बोटभरच उतरलं," तो म्हणाला.

"आणि तुमच्या डोळ्यावर साखर चढली."

त्याने पुसली ती नेमकी दुसऱ्या डोळ्यावरून. लिडाला हसू आवरेना. तो गेल्यावर मात्र तिच्या मनात आलं – हे पाणी असंच उतरत गेलं, तर दोन-तीन सकाळी... आणि मग?

दुसऱ्या दिवशी सहाला ती झारी घेऊन अंगणात उतरली. शेजारीणबाई आपल्या घराला पाणी घालत होत्या. त्यांनी हात हलवला, लिडानेही हलवला. घराला पाणी घालणाऱ्या बाईचा संशय कोणाला येणार? तिने अर्धी झारी खड्ड्यात ओतली. एकच दिवस, तिने स्वतःला सांगितलं.

मग आणखी एक.

एफ्राइनच्या कपाळावर आठी पडली. त्याने पट्टी बदलली, पुन्हा मोजलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "पायाची नळी गळत असेल. ती बंद ठेवून बघू."

खरं सांगायचं तर लिडाने ते आत्ताच सांगायला हवं होतं... पण त्याने डोक्यावरची टोपी सरळ केली, तिच्याकडे बघून हसला, आणि तिने मुकाट्याने नळ बंद केला. सकाळची झारी मात्र चालूच राहिली.

आठव्या दिवशी मागचं दार अडलं. खांदा लावून उघडलं तर पायऱ्यांशेजारी भिंत आणि सुकून आक्रसलेली माती यांच्यात बोट जाईल एवढी भेग. वॉफल शनिवारी घरी यायचा होता, आज बुधवार.

आठला एफ्राइन आला. कोलाचीला हात लावला नाही.

"हे काम मला जमणार नाही. रात्री मामाला सांगून टाकलं, मला माती कळत नाही. तुम्ही दुसरा कोणी बघा."

"तुम्हाला कळते," लिडा म्हणाली. "पाणी... मी ओतत होते."

"काय?"

"रोज. झारीने. पाणी उतरलं असतं तर तुम्ही – तुमचं येणं थांबलं असतं."

त्याने भेगेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "चार रात्री मी स्वतःला मूर्ख म्हणत होतो, लिडा." पट्टी उपसून तो निघून गेला.

दिवसभर तिने नळी हळूहळू सोडली, भेगेजवळ बसून राहिली. गाडीच्या प्रत्येक आवाजाला मान वर व्हायची. संध्याकाळी फाटक वाजलं. ती उठून आली तोवर एफ्राइन उलट्या बादलीवर, खड्ड्यासमोर बसला होता.

"दुपारभर मामाशी बोललो. म्हणाला, मोजताना माणसांवरही लक्ष ठेवायचं असतं." तो वर बघेना. "माती कडकच आहे. पण खडीचा जाड थर, थोडा उतार आणि रस्त्याकडे पाइप दिला, तर पाणी जाईल. आता मी मोजतो. तू झारीला हात लावायचा नाहीस."

तू. लिडाने तो शब्द ऐकला आणि झारी उचलून त्याच्या बादलीशेजारी ठेवली.

गुरुवार-शुक्रवार फावडी चालली. शनिवारी वॉफल लंगडत आला, हिरव्या गवतावर थबकला, हुंगलं, आणि कोपऱ्यात जाऊन हवं ते करून मोकळा झाला. त्याचा पाय कुठेच घसरला नाही. एफ्राइनने त्याच जागी बादली ओतली. दोघं श्वास धरून बघत राहिली. पाणी खाली गेलं, सगळं.

"संपलं," लिडा म्हणाली. "आता सकाळी यायला तुला काही कारण नाही."

त्याने कमरेला खोचलेली पट्टी काढून तिच्या हातात दिली.

"आता मला कारणाशिवायच यायचंय. उद्या आठला येतो. जर्दाळूवाले आण."