घुम्याची दोन मिनिटं

तो आत आला तोच गुणगुणत. आणि गुणगुणत होता काय, तर राजाचं गाणं!

मी मान वर केली नाही. कान तपासायच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा सह्या करायला येतात. बाकी दिवसभर मी, माझं यंत्र आणि ती काचेची बंद खोली.

"बंदरावरून पाठवलंय," तो म्हणाला. "क्रेन चालवतो. वर्षाची तपासणी."

"बसा. आणि ते गाणं बंद करा."

"आवडत नाही?"

"गाणं आवडतं. गाणारा नाही."

तो हसला. एकाच गालाने हसायचा तो... "अरे वा! म्हणजे घुम्याच्या पार्टीतल्या तुम्ही!"

त्या दोघांचा बँड फुटून पंधरा वर्षं झाली. गायकाला त्याचे चाहते राजा म्हणतात, आम्ही पोपट म्हणतो. गिटारवाला कधी मुलाखत देत नसे, म्हणून तो घुम्या. दोघांचं कशावरून बिनसलं ते त्यांनाच ठाऊक, पण चाहत्यांनी ते भांडण असं अंगावर घेतलं, जणू आपल्याच घरच्या वाटण्या होताहेत.

"पोपटाला बोलायला सगळं जग आहे," मी म्हणाले. "न बोलणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला नको?"

"आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून शिव्या कोण खातं? राजाच ना? तुमचा घुम्या मागे अंधारात मजेत. त्या शेवटच्या गाण्यात तर मधली दोन मिनिटं काही होतच नाही. नुसता ड्रम ठकठक करतो. मी तेवढ्यात पाणी पिऊन येतो."

माझ्या हातातलं पेन थांबलं. ती दोन मिनिटं! घुम्याला जन्मात जे बोलायचं होतं ते सगळं तो त्या दोन मिनिटांत गिटारवर बोललाय. मी कॉलेजची परीक्षा, टायफॉइड आणि एक मोडलेलं लग्न त्या दोन मिनिटांच्या जोरावर काढलंय. आणि हा गृहस्थ पाणी प्यायला जातो!

"आत जा," मी म्हणाले. "हेडफोनची लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या. आवाज आला की बटण दाबायचं."

उजवा कान एकदम ठणठणीत. डावाही ठणठणीत... जरा जास्तच. मी आवाज दिला की बटण, दिला की बटण. काचेपलीकडून तो टक लावून माझ्या बोटांकडे बघत होता. आधी मला वाटलं — जाऊ दे, काय वाटलं ते. कित्येक महिन्यांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं, एवढंच सांगते.

मग मी बोट नुसतंच हलवलं. आवाज दिलाच नाही.

त्याने बटण दाबलं.

गोंगाटात काम करणाऱ्यांची चाचणी दोनदा घ्यायची, असा नियम आहेच. "पुढच्या गुरुवारी परत या."

"घुम्याची माणसं दुसऱ्यांदा बोलावतात?"

"नियम आहे."

"मग चांगला नियम आहे," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरताना मुद्दाम राजाचं गाणं मोठ्याने म्हणत गेला. मी खिडकीशी गेले नाही. म्हणजे... गेले, पण पडद्याआडून.

घरी माझी एक खोली, एक कप, एक खुर्ची. दुसरी खुर्ची आहे, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात. जेवण झालं की मी इअरफोनचं डावं टोक कानात घालते, उजवं गळ्यात लोंबत राहतं. ही दादाची सवय. शाळेच्या बसमध्ये आमच्यात एकच इअरफोन होता. उजवं टोक दादाचं, डावं माझं. दादा राजाचा भक्त, मी घुम्याची, आणि दोघांत रोजची जुंपलेली. मग दादा नोकरीसाठी फार लांब गेला. आता वाढदिवसाला फोन येतो, "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

त्या संध्याकाळी मी डावं टोक काढून उजवं घातलं.

राजा थेट कानाशी येऊन गायला लागला. मला तो जन्मभर शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता. आणि मग ती दोन मिनिटं आली... ठक. ठक. ठक. दुसरं काही नाही. घुम्या सगळाच्या सगळा डाव्या टोकात होता!

मी ती दोन मिनिटं तशीच बसून काढली. इतक्या रिकाम्या जागेत माणूस पाणी प्यायला उठणार नाही तर करणार काय? मला रडू आलं, अगदी मूर्खासारखं.

पुढच्या गुरुवारी मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. डाव्या कानाला सगळे आवाज देऊन झाले. बटण एकदाही वाजलं नाही.

तो काचेच्या खोलीतून बाहेर आला. "कळलं तर."

"मागच्याच वेळी कळलं होतं."

"लहानपणी गालगुंड झालं होतं. ताप उतरला आणि कान गेला. आई म्हणाली, कोणाला सांगू नकोस, काम मिळायचं नाही." त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. "आई गेली. त्यानंतर हे माहीत असलेलं कोणी उरलंच नव्हतं."

मी फोन काढला, त्याला हेडफोन जोडला आणि त्याच्या डोक्यावर उलटा घातला. निळी बाजू उजव्या कानावर. गाणं मधूनच लावलं.

आधी त्याची भुवई हलली. मग पाठ ताठ झाली. मग तो हळूहळू खाली वाकला आणि दोन्ही हातांनी हेडफोन गच्च धरून बसला... पूर्ण दोन मिनिटं. माझ्या घुम्याला कोणी असं ऐकताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"हे... हे इथेच होतं?" डोळे पुसत त्याने विचारलं. "पण राजा कुठे गेला?"

"गप्प बसलाय. जन्मात पहिल्यांदा."

तो हसला, मीही हसले. मग त्याचं लक्ष माझ्या टेबलावरच्या फॉर्मकडे गेलं आणि हसू विरलं.

"काय लिहिणार?"

पेन हातात होतं. खोटं लिहिलं असतं तर तो पुढच्या वर्षी आला असता, त्याच्या पुढच्याही वर्षी. खरं लिहिलं तर मला तोंड दाखवायला येईल कशाला? मला तो हवा होता. सरळच सांगते, हवा होता.

"तुमच्या क्रेनखाली माणसं उभी असतात," मी म्हणाले. "डावीकडून कोणी ओरडलं तर?"

मी खरं ते लिहिलं. तो निघून गेला, न गुणगुणता.

पाच गुरुवार गेले. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की माझी मान वर व्हायची — कधी आजोबा, कधी पोस्टमन. एका रविवारी वाढदिवस नसताना मी दादाला फोन लावला.

"दादा, उजवं टोक तूच का घ्यायचास रे?"

"मी कुठे घ्यायचो? तुलाच खिडकी हवी असायची. खिडकी डावीकडे, वायर एवढीशी. उजवंच उरायचं मला." मग म्हणाला, "पण तू आज का फोन केलास? रडतेयस का?"

खिडकीपायी! पंधरा वर्षं मी लोकांशी भांडले ती बसच्या खिडकीपायी. आम्ही तासभर बोललो.

सहाव्या गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून खाली आले, तर पायरीवर तो बसलेला.

"गोदामात टाकलंय," तो म्हणाला. "चार दिवस तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. मग खालून बघितलं, तर दुसरा कोणीतरी क्रेन चालवत होता, आणि खाली... खरंच माणसं उभी असतात हो. वरून ती एवढीएवढीशी दिसायची."

मी त्याच्या डावीकडे बसायला गेले, जुन्या सवयीने. तो उठला, वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. आता मी त्याच्या उजव्या कानाशी होते.

त्याने खिशातून इअरफोन काढला. डावं टोक स्वतःच्या चांगल्या कानात घातलं आणि उजवं माझ्यापुढे धरलं.

"राजा तुला," तो म्हणाला. "घुम्या मला. चालेल?"

'तुला' म्हणाला होता तो. मी टोक कानात घातलं. राजा गायला, चांगला गायला, आता कबूल करायला हरकत नाही. मग ती दोन मिनिटं आली आणि माझ्या कानात नुसती ठकठक उरली.

तेवढ्यात तो गुणगुणू लागला. घुम्याची गिटार, सूर न् सूर, चुकत, अडखळत, फक्त मला ऐकू जाईल इतकी हळू. पाच आठवडे पाठ करत बसला होता वेडा. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून ती दोन्ही मिनिटं ऐकली आणि गाणं संपल्यावर म्हणाले,

"परत लाव."