चाकामागचा ठोकळा

गाडी पाठवायची म्हणजे दोन फोन नि एक सही, असं धाकटीला वाटलं होतं. कसलं काय! ट्रान्सपोर्टचा कारकून आपल्या गोदामाच्या आवारात गाडीभोवती फिरून एकेक ओरखडा लिहून घेत बसला.

गाडी बाबांची. बाबा जाऊन चार महिने झाले होते आणि आई या धाकट्या लेकीकडे यायला काही केल्या तयार नव्हती. शेवटी म्हणाली, "आधी गाडी जाऊ दे, मग मी येते." बाराशे किलोमीटर, ट्रेलरवरून. आईचं मन फिरायच्या आत गाडी निघायला हवी होती.

"हँडब्रेक लागतो?"

धाकटी गडबडली. हँडब्रेक कित्येक वर्षं नुसता शोभेचा होता. गाडी थांबली की बाबा खाली उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचे. फरशीवर आवाज नको म्हणून त्याला जुन्या निळ्या शर्टाची बाही गुंडाळलेली. त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय आई जागची हलायची नाही.

खरं सांगावं तर गावात सुटे भाग मागवून दुरुस्तीत पंधरा दिवस जाणार. "लागतो की!" धाकटीने ठोकून दिलं. कारकुनाची पाठ वळताच, आल्या आल्या चाकामागे लावलेला तो ठोकळा काढून भिंतीशी असलेल्या भंगारात भिरकावला. दिसला असता तर बिंगच फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला.

"ताई, घाटात तुमच्या गाडीचे पट्टे तुटले. वरच्या मजल्यावर अगदी शेवटची गाडी, हँडब्रेक ओढलेला, तरी मागे सरकली हो! आणि मागे शाळेची बस…"

"मग?"

"ठोकळ्यावर अडली. नशीब, तुम्ही लावून ठेवला होता."

"मी… नाही लावला."

"मग कोणी? आमचे तर लोखंडी असतात. थांबा, फोटो पाठवतो."

फोटोत तीच निळी बाही होती. धाकटीला रडू कोसळलं. आपल्या एका खोट्यापायी बसभर पोरं… तिने तडक कारकुनाला फोन लावून सगळं कबूल केलं, आणि भंगारात बघायला लावलं. ठोकळा तिथे नव्हता.

मग तिला राहवेना. फोटो मोठा करून ती पुन्हा पुन्हा बघत बसली. बाही नेहमी सुतळीने बांधलेली असायची. इथे सुतळी नव्हती, कफचं बटण लावलेलं होतं. आणि बाही… आत हात असावा तशी भरलेली दिसत होती.

गाडी उतरवताना ठोकळा कुणालाच सापडला नाही. धाकटीने आपल्या शहरात त्याच दिवशी नवा हँडब्रेक बसवून घेतला. आईला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती आईला स्टेशनवरून त्याच गाडीतून घरी घेऊन आली. दारात गाडी थांबवली, ब्रेक कर्रकन ओढला. आई मात्र मांडीवर पर्स धरून बसलेलीच.

"उतर ना, आई. ब्रेक नवा आहे."

"थांब गं," आई हळूच म्हणाली. "त्यांचं होऊ दे."

मागच्या चाकापाशी काहीतरी मऊसं फरशीवर सरकलं. धाकटीला आरशात बघायचा धीर होईना.

"हं…"

आईने दार उघडलं.